सावलीला पाय नव्हते

१

समहा नावाच्या सांडणीचा लिलाव गुरुवारी सिनावच्या गुरांच्या बाजारात व्हायचा होता आणि त्या आदेशावर एकच सही बाकी होती. ती सही उंटपालकांच्या अभ्यासक डॉ. पूर्वा नेरूरकर यांची.

मस्कतमधल्या त्या पतसंस्थेचे नाव लांबलचक आणि पुण्यवान होते. कर्मचारी तिला नुसते ‘निधी’ म्हणत. बँकांच्या काचेच्या दारांतून ज्यांना आत घेतले जात नाही, अशा वाळवंटातल्या पशुपालक बायकांना गटाने कर्ज द्यायचे, हे तिचे ब्रीद. तारण म्हणजे जन्माला येणारे पिल्लू. पिल्लू मेले तर कर्ज माफ. पिल्लू चोरून विकले तर आई जप्त, आणि गटातल्या सगळ्या जणींना निधीचे दार कायमचे बंद. नियम इतके सुटसुटीत होते की ते करणाऱ्यांनी वाळवंट पाहिले नसणार, हे वाचताक्षणीच कळे.

गुबैशा बिन्त सालिम या भटक्या बदू जमातीतल्या विधवेने आपल्या सांडणीचे पिल्लू मेल्याचे कळवले होते. निधीने तिला खोटारडी ठरवले होते. पैसे पुरवणाऱ्या परदेशी देणगीदारांची एक सभ्य अट होती: जप्तीपूर्वी एका स्वतंत्र अभ्यासकाने कागदपत्रे पाहावीत. पाहावीत म्हणजे सही करावी, असा तिचा अर्थ निधीत रूढ झाला होता.

“मॅडम, क्लिअर केस आहे,” आशुतोष म्हणाला. निधीच्या संगणक विभागाचा तो प्रमुख, मूळचा पुण्याचा, बोलण्यात चटपटीत. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. “बाई म्हणते, पिल्लू जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. हा फोटो त्यानंतर जवळजवळ महिन्याने काढलाय. आमच्या माणसाच्या यंत्रातून थेट आलेला, सील्ड. आमच्या सिस्टिममधून एकदा आलेलं काही जात नाही. आणि ही चिप. पिल्लू जन्मलं की आम्ही त्याच्या मानेत कातडीखाली चिप बसवतो. यंत्राने ती वाचली. हिरवी खूण. म्हणजे जिवंत.”

फोटोत एक सांडणी मान लववून पिल्लाच्या पाठीचा वास घेत होती. पिल्लाची मान आणि पाठ दिसत होती. तोंड आईच्या मानेआड गेले होते. मागे वाळूची टेकडी, तिच्यावर कलत्या उन्हातल्या लांब सावल्या. फोटो चौकोनी होता.

“तिसरा पुरावा म्हणजे दूध. सांडणी आजही दूध देते. पिल्लू समोर नसेल तर उंटीण पान्हा सोडत नाही. हे तर तुमच्याच पुस्तकात आहे!”

“आहे,” पूर्वा म्हणाली. “त्याच्या पुढच्या पानावर काय आहे?”

आशुतोष मनमोकळे हसला. “तिथपर्यंत नाही पोचलो, मॅडम.”

पूर्वाने दुसऱ्या कर्जदार बायकांचे फोटो चाळले. सगळे आडवे, रुंद. प्रत्येकात जनावराशेजारी मालकीण उभी, आणि तिचा चेहरा करड्या ठिपक्याखाली झाकलेला.

“गुबैशाबाई फोटोत नाहीत.”

“लपली असेल. चोराच्या मनात चांदणं.”

“त्यांना हा फोटो दाखवलात?”

“नाही नाही. पॉलिसी आहे. पुरावा दाखवला की पुढच्या वेळी हे लोक शहाणे होतात.”

आरोपीला पुरावा न दाखवणारी न्यायालये इतिहासात पुष्कळ होऊन गेली, पण त्यांतल्या एकाही न्यायाधीशाने आपल्या कामाला निधीसारखे ‘वित्तीय समावेशन’ म्हटले नव्हते. पूर्वाने पेनाला टोपण लावले. “आज सोमवार. मी उद्या तिकडे जाऊन येते.”

“तिकडे काही नाहीये, मॅडम. वाळू आहे फक्त.”

ती लिफ्टपाशी उभी असताना काचेच्या भिंतीपलीकडे आशुतोष घाईने कोणाला तरी फोन लावत होता.

२

फोन कोणाला गेला होता, हे दुसऱ्या दिवशी रुसैलच्या कारखान्यांकडे निघालेल्या कामगारांच्या बसेस मागे पडायच्या आतच तिला कळले. गाडी चालवणारा जहूर तिच्याकडे बघायचे टाळत होता.

जहूर निधीचा क्षेत्र-अधिकारी. म्हणजे वाळूत गाडी रुतली की ती ढकलणारा अधिकारी. रत्नागिरीच्या खाडीकाठचा, अर्धे आयुष्य ओमानात काढलेला. बदू लोकांशी तो त्यांच्याच बोलीत बोले आणि चिडला की कोकणीत. समहाचा फोटो त्यानेच काढला होता.

“जहूरभाई, फोटो कुठून काढलात?”

“गाडीतून, बाय. लांबून.” उत्तर प्रश्नाच्या आधी तयार असावे तसे आले.

“उतरला नाहीत?”

“नाय. लय ऊन होतं.”

पूर्वाने मागच्या सीटवरचे चिप वाचायचे यंत्र उचलले. हातात मावणारे, मूठ असलेले. “हे किती लांबून वाचतं?”

“वीतभर. लय तर दीड वीत.”

“म्हणजे गाडीत बसून तुम्ही पिल्लाच्या मानेपासून वीतभर अंतरावर होतात. खिडकी मोठी असणार.”

जहूरने वातानुकूलन वाढवले. गाडीत आधीच गारठा होता. बराच वेळ डोंगर मागे सरत राहिले, मग तेही संपले आणि दोन्ही बाजूंना नुसती खडी आणि खुरट्या बाभळी आल्या.

“बाय,” शेवटी तो म्हणाला, “माझी अमरीन बारावीला हाय. इथल्या इंडियन स्कूलात. माझा विसा निधीच्या हातात हाय. तुमी येणार, बघणार, जाणार. आमी इथं ऱ्हाणार.”

“मी तुम्हाला काहीच विचारत नाही,” पूर्वा म्हणाली. “एवढंच सांगा. खोटं बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं, की ते तुमचं तुम्हाला सुचलं?”

“मला सुचलं असतं,” जहूर दुखावून म्हणाला, “तर एवढं वाईट सुचलं असतं काय?”

पूर्वा हसली. पण त्याच वेळी एक कोडे तिच्यापुढे घट्ट होऊन बसले. जहूर पिल्लाच्या इतक्या जवळ गेला होता की त्याला डोळे मिटूनही ते मेले आहे की जिवंत, हे कळले असते. आणि चिप तर खरोखरच वाचली गेली होती. यंत्र खोटे बोलले नव्हते.

३

गुबैशाच्या झावळ्यांच्या झोपडीबाहेर चटई टाकलेली होती. गटातल्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मधोमध ताठ कणा असलेले बदू बुरखे, त्यांच्या फटींतून रोखलेले डोळे. खजूर आला, बिनसाखरेची कॉफी आली. पाहुणा शत्रूच्या घरून आला म्हणून कॉफी चुकत नाही.

पूर्वाने अरबीत बोलायला सुरुवात केली. गुबैशाने ऐकून घेतले आणि मैत्रिणींकडे वळून म्हणाली, “ही दुक्तूरा टीव्हीवरच्या बातम्यांसारखी बोलते. आता हवामान सांगेल.”

बायका खदखदल्या. पूर्वाही हसली. “हवामान वाईट आहे, गुबैशा. गुरुवारी समहाचा लिलाव आहे. पिल्लाचं काय झालं, ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“मेलं. पोट फुगलं, मान टाकली, मेलं. मी निधीला एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगायला ते काय पुन्हा मरणार आहे?”

“त्यांच्याकडे पुरावा आहे म्हणतात.”

“मग त्यांनी तो दाखवावा. मला नुसता कागद दाखवला. मलाच नाही, पेट्रोल पंपाजवळच्या दुकानाच्या दारावर चिकटवला. येणारा-जाणारा प्रत्येक ट्रकवाला वाचून गेला, गुबैशा बिन्त सालिम खोटारडी.” तिने कॉफीचा कप उलटा ठेवला. “समहा गेली तर मी पायी चालेन. माझ्या आज्या चालल्याच ना? पण या बघ. झुवैनाला चाऱ्याचं कर्ज मिळणार होतं, थांबलं. सलीमाची पाण्याची टाकी, थांबली. माझ्या शब्दावर यांनी अंगठे दिले होते. यांच्या डोळ्यांत मी कशी बघू?”

झुवैना म्हणाली, “आमच्या डोळ्यांत नको बघूस. तुझी नजर आधीच वाईट आहे, शेळी समजून मला हाक मारतेस.”

गुबैशाला हसू आले, पण ते पुरते उमटले नाही. शहरातले लोक ज्याला ‘सामाजिक तारण’ म्हणून परिसंवादांत गौरवतात, ते हेच होते: एका बाईची लाज सगळ्या जणींच्या गळ्यात बांधायची आणि त्या दोरीला विश्वास म्हणायचे.

“संध्याकाळी दूध काढताना मी बघू शकते?” पूर्वाने विचारले.

“नाही. परकं माणूस दिसलं तर समहा पान्हा चोरते. दूध काढताना माझी माणसं जवळ असतात. आणि हा.” तिने हनुवटीने जहूरकडे खूण केली. “तो पहिल्यापासून येतो. समहा त्याला ओळखते.”

जहूर वाळूकडे बघत होता. म्हणजे तो दूध काढताना तिथे असे, गाडीत नाही.

तेवढ्यात पांढरा पिकअप टेकडी उतरून आला. त्यातून स्वच्छ, पायघोळ दिशदाशा घातलेला, हातात उंटवाल्यांची वेताची काठी घेतलेला एक माणूस उतरला आणि सरळ समहाकडे जाऊन तिच्याभोवती फिरू लागला. तिचे खांदे, पाय, पाठ, सारे तो नजरेने मोजत होता.

“रशीद,” झुवैना थुंकल्यासारखे म्हणाली. “लिलाव गुरुवारी आहे, गिऱ्हाईक आजच आलंय.”

४

रशीद बिदियाचा उंटांचा व्यापारी. संशय घ्यायला याहून सोयीचा माणूस घडवता आला नसता. त्याला ते माहीत होते आणि त्याची त्याला मजा वाटत होती.

“हो, मला समहा हवी,” तो पूर्वाला म्हणाला. “लपवू कशाला? हिच्या आजीने शर्यती मारल्यात. गुरुवारी लिलाव झाला तर मीच घेणार.”

“पिल्लूही तुम्हीच घेतलंत, असं निधीला वाटतं.”

रशीदने काठी वाळूत रोवली. “मेलेलं पिल्लू घेऊन मी काय करू? ते गेलं तेव्हा विचारपूस करायला मी आलो होतो. आमच्यात सांडणीचं पिल्लू गेलं तर माणसं घरी येतात. पलीकडच्या टेकडीखाली पुरलंय. म्हणजे, जेवढं पुरायचं होतं तेवढं.”

“हे निधीला सांगितलंत?”

“विचारलं कोणी?”

“आता मी विचारलं, आणि तुम्ही सांगितलंत. पिल्लू मेलं होतं हे सिद्ध झालं तर लिलाव होणार नाही. तुम्हाला समहा मिळणार नाही.”

“मी व्यापारी आहे, दुक्तूरा,” रशीद म्हणाला. “घासाघीस करतो. मेलेल्याला जिवंत करत नाही. ते काम तुमच्या मस्कतच्या साहेबांचं.”

तो गेला. पूर्वा टेकडीच्या पायथ्याशी बसली आणि तिने हाती असलेल्या गोष्टी तोलून पाहिल्या. खोटे बोलून फायदा झाला असता असा माणूस नुकसान सोसून खरे बोलला होता; त्याची साक्ष धरायला हवी. त्याने आणखीही एक सांगितले होते, ‘जेवढं पुरायचं होतं तेवढं.’ मग उरलेले कुठे होते? ते काय असू शकेल, याचा अंदाज तिला सोमवारीच आला होता, पण अंदाजाने लिलाव थांबत नाहीत. निधीचा चौकोनी फोटो हिरवी खूण मिरवत उभा होता.

ऊन कलले. चरून आलेल्या शेळ्यांच्या सावल्या टेकडीच्या उतारावर लांबत गेल्या. काटक्यांसारखे पाय, त्यांवर पोटाचे गोळे. पूर्वा त्या बघत राहिली. मग तिने घाईने फोन काढून आशुतोषने दिलेला फोटो उघडला आणि सांडणी, पिल्लू, सगळे बाजूला सारून मागची टेकडी मोठी केली.

उजव्या बाजूला समहाची सावली पडली होती. चारही पाय स्पष्ट, वेळूसारखे लांब. तिच्या पुढ्यात पिल्लाची सावली होती. तिला पाय नव्हते. नुसते एक बोचके, आणि ते बोचके दोन्ही हातांनी उचलून धरणारी, गुडघ्यांवर बसलेली एक बाई.

फोटोत बाई नव्हती. सावलीत होती.

आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. मस्कतच्या कार्यालयात कोणीतरी त्याहून सोपा मार्ग काढला होता. त्याने पायांची जागाच कापून टाकली होती. फक्त सूर्याची परवानगी घ्यायची राहिली होती.

५

गुबैशाने फोटो पाहिला आणि तिचे बोट सांडणीवर नाही, पिल्लावर नाही, थेट टेकडीवर गेले.

“ही मी. हे माझे हात.” मग तिचा आवाज चढला. “पण मी कुठे आहे? मला कोणी कापलं?”

“हा तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे,” पूर्वा म्हणाली.

गुबैशा उठून झोपडीत गेली आणि पोत्यात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आली. पोते सोडले. आत तांबूस लोकरीचे पिल्लाचे कातडे होते. पाय नाहीत, डोके नाही, पोटाखाली दाभणाने घातलेले जाड टाके, आणि टाक्यांतून डोकावणारा खजुराच्या झाडाचा काथ्या.

“आम्ही याला बव् म्हणतो. पिल्लू मेलं की आईचा पान्हा आटतो. मग कातडं मीठ लावून वाळवायचं, भरायचं, दूध काढायच्या वेळी तिच्या नाकाशी धरायचं. तिला वास येतो. ती सोडते.”

“आमच्या गावात म्हशीला पण करायचे,” जहूर एकदम बोलला आणि आपण बोललो याचेच त्याला आश्चर्य वाटले.

पूर्वाने गाडीतले यंत्र त्याच्या हातात दिले. जहूरने ते कातड्याच्या मानेपाशी नेले. यंत्राने आनंदाने ‘टिंग’ केले. हिरवी खूण.

“चिप कातडीखाली होती,” पूर्वा म्हणाली. “जनावर गेलं, कातडी राहिली, चिप राहिली. यंत्राला फक्त चिप कळते. जिवंत हा शब्द तिला आशुतोषने जोडला.”

जहूर चटईवर बसला. “बाय, मशीनमध्ये ‘मेलं’ हे बटण डाक्टरच्या दाखल्याशिवाय चालतच नाय. जनावरांचा डाक्टर बसतो कुठं, तर पार तिकडं शहरात. वाटेत कातडं सडलं असतं. म्हणून म्यां म्हटलं, बव् सकट फोटो काढू. बाई हातात धरून बसलेली, टाके दिसतायत, काथ्या दिसतोय. वर चिप वाचली, म्हणजे हेच ते पिल्लू हे पण पक्कं. आशुतोषसाहेबांना फोनवर सगळं समजावून सांगितलं.”

“साहेब काय म्हणाले?”

“म्हणाले, शाब्बास.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “काल परत फोन आला. म्हणाले, बाईंनी विचारलं तर लांबून काढला म्हण.”

“हे उद्या मस्कतला सांगाल?”

जहूर गुबैशाकडे बघत होता. तिने त्याला कपात कॉफी ओतून दिली, नेहमीसारखी. ते त्याला सोसले नाही.

“सांगेन,” तो म्हणाला. “खलास. अमरीन रत्नागिरीत शिकेल.”

“मला हा बव् लागेल,” पूर्वा गुबैशाला म्हणाली.

बायका एकदम गलका करू लागल्या. गुबैशाने त्यांना हाताने थांबवले. “सकाळचं दूध काढून झालं की ने. संध्याकाळच्या दुधाला परत आण, नाहीतर समहा आटेल. कोणी हात लावायचा नाही. परका वास लागला तर ती तोंड फिरवेल. आणि ज्याने मला खोटारडी म्हटलं, त्याने इथे येऊन तोंडाने सांगायचं.”

६

बुधवारी दुपारी निधीच्या सभागृहात, चकचकीत मेजावर, पाण्याच्या बाटल्या आणि पुदिन्याच्या गोळ्यांच्या वाट्या यांच्यामध्ये पूर्वाने पोते ठेवले. निधीचे संचालक बाळकृष्ण कामेरकर, मुंबईच्या बँकेतून निवृत्त होऊन आलेले गृहस्थ, खुर्ची किंचित मागे सरकवून बसले. आशुतोष उभाच राहिला.

“कोणी हात लावू नका,” पूर्वा म्हणाली आणि पोते सोडले. सभागृहात मीठ, चामडे आणि जनावराचा दर्प पसरला. जहूरने यंत्र पुढे केले. टिंग. भिंतीवरच्या पडद्यावर निधीची प्रणाली जागी झाली.

“कामेरकरसाहेब, पडद्यावर काय आलंय ते वाचाल?”

“पिल्लू... जिवंत,” कामेरकरांनी वाचले. मग मेजाकडे पाहिले. मग पुन्हा पडद्याकडे.

“सांडणीला फसवायला निदान पिल्लाचा वास लागतो,” पूर्वा म्हणाली. “तुमच्या प्रणालीला तेवढाही लागला नाही.”

“हा टेक्निकल एरर आहे,” आशुतोष घाईने म्हणाला. “आम्ही दुरुस्त करू. जहूरने नीट कळवायला हवं होतं.”

“जहूरभाईंनी कळवलं होतं, फोनवर आणि फोटोतूनही. तुमच्या हातयंत्रातून येणारा प्रत्येक फोटो आडवा आणि रुंद असतो. ते यंत्र फोटो कापू शकत नाही. हा एकच चौकोनी आहे. म्हणजे तो इथे कापला गेला. इथे फोटोंना हात लावायचा अधिकार कोणाला आहे?”

कामेरकरांनी आशुतोषकडे पाहिले.

“प्रायव्हसी, सर. बदू बाई आहे. तिचा चेहरा दिसू नये म्हणून तो भाग काढला.”

“चेहरे तुम्ही करड्या ठिपक्याने झाकता. सगळ्यांचे तसेच झाकलेत, मी सोमवारी पाहिले. शिवाय या बाईंचा चेहरा बुरख्यातच होता. तुम्ही चेहरा काढला नाहीत. हात काढलेत, टाके काढलेत, आणि जिथे पाय असायला हवे होते ती रिकामी जागा काढलीत.” तिने टेकडीचा मोठा केलेला भाग मेजावर ठेवला. “सावली काढायला विसरलात. मूळ फोटो कुठे आहे?”

“तो... सिस्टिममधून गेला.”

“सिस्टिममधून एकदा आलेलं काही जात नाही, हे मला याच खोलीशेजारी सांगितलंत.”

कामेरकरांनी टेकडीचा तो भाग उचलून डोळ्यांजवळ नेला.

“कशासाठी?” कामेरकरांनी विचारले.

“ते तुमच्याच अहवालात आहे,” पूर्वा म्हणाली. “जनावरांचे मृत्यू ठरावीक मर्यादेत राहिले तर देणगीदार पुढच्या वर्षाचा पैसा देणार. समहाच्या पिल्लाने ती मर्यादा ओलांडली असती. मेलेलं पिल्लू हा तोटा. पकडलेली चोरी ही कर्तबगारी; तिच्यासाठी अहवालात वेगळं प्रकरण लिहिता येतं. एका कात्रीत दोन्ही कामं झाली.”

आशुतोषचा चेहरा उतरला होता, पण त्याचा आवाज आता प्रथमच खरा वाटला. “मॅडम, एका बाईसाठी सगळा प्रोग्राम बुडू द्यायचा? पैसा थांबला असता तर हजारो बायकांचं कर्ज थांबलं असतं. तुम्ही त्यांचा विचार केलाय?”

“हजारो बायका तुमच्या दारात एकदम येत नाहीत,” पूर्वा म्हणाली. “एकेक करूनच येतात. त्यांतली ही एक होती.”

कामेरकरांनी घसा खाकरला. “जप्ती रद्द. कर्ज माफ. आशुतोषची चौकशी होईल. हे आपण... शांतपणे मिटवू.”

“आरोप शांतपणे केला नव्हता. तो पेट्रोल पंपाजवळच्या दुकानावर चिकटवला होता.” तिने पोते बांधायला घेतले. “तुम्हाला माझी सही हवी होती. मी केली आहे, माझ्या अहवालावर. त्याची एक प्रत देणगीदारांना गेली आहे. त्यात जहूरभाईंचं नाव साक्षीदार म्हणून आहे. त्यांच्या व्हिसाला काही झालं तर पुढचा अहवाल त्यावर असेल. आता मला निघायला हवं, दुधाची वेळ आहे. तुम्हीही चला. निधीच्या वतीने तिला खोटारडी तुमच्या सहीने म्हटलंय.”

“मी? आज? तिथे?”

“वाळू आहे फक्त,” पूर्वा म्हणाली. “वाटेत वाचायला माझं पुस्तक देते. दुधाच्या पानाच्या पुढचं पान वाचा. त्यावर बव् आहे.”

७

संध्याकाळी कामेरकरांचे पॉलिश केलेले बूट वाळूत घोट्यापर्यंत रुतले. गुबैशाने त्यांना टेकडीपलीकडे बसवून ठेवले. परका माणूस नको. पूर्वाही त्यांच्याशेजारी बसली. टेकडीच्या कडेवरून तिला फक्त सावल्या दिसत होत्या.

गुबैशाच्या सावलीने बोचके वर उचलले. समहाच्या सावलीने मान लववली आणि ती तशीच राहिली. खूप वेळ. सभागृहातल्या पुदिन्याचा, पॉलिशचा, घाबरलेल्या माणसांचा वास त्या कातड्याला लागला असेल का, या विचाराने पूर्वाने वाळू मुठीत आवळली होती. हिरवी खूण क्षणात उमटते. समहा घाई करत नव्हती.

मग भांड्यात धार पडल्याचा आवाज आला. एक, आणि मग सलग.

कामेरकरांनी गुबैशाला जे सांगायचे ते सांगितले; जहूरने ते अरबीत केले. गुबैशाने फेसाळ दुधाचे भांडे त्यांच्या हातात दिले आणि ते पिऊन होईपर्यंत थांबली. पाहुण्याला दूध चुकत नाही.

“मला कळलं,” ती म्हणाली. “आता ज्यांनी तो कागद वाचला, त्यांना कळू दे. उद्या सिनाव.”

गुरुवारी सिनावच्या बाजारात, जिथे समहा उभी राहणार होती त्या रिंगणात, निधीचे संचालक उभे राहिले. भोवती उंट, शेळ्या, व्यापारी, ट्रकवाले. पुढच्या रांगेत रशीद, काठीवर हनुवटी टेकून. एका बाजूला ताठ बुरख्यांतल्या गटाच्या बायका. कामेरकरांनी जहूरकडून अरबी वाक्य पाठ केले होते. ते पुटपुटले, “पिल्लू मेलं होतं. गुबैशा बिन्त सालिम खरं बोलली.”

एक शेळी बें-बें करून ओरडली. कोणीतरी विचारले, “काय म्हणाला?”

“मागच्यांना ऐकू आलं नाही,” गुबैशा म्हणाली. “दुसऱ्यांदा सांगा. ते काही पुन्हा मरत नाही.”

कामेरकरांनी घाम पुसला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाक्य पुन्हा म्हटले. गुबैशाने वळून झुवैनाच्या डोळ्यांत पाहिले. झुवैनाने नजर हलवली नाही, फक्त म्हणाली, “चल, चाऱ्याच्या कर्जाचं विचारू. हा माणूस अजून इथेच आहे तोवर.”